फंक्शन आणि व्ह्यूमध्ये आजची तारीख : कापसाच्या चुकाऱ्यावरून समजून घेताना

हंगामात कापसाची गाडी काट्यावर खाली झाली की शेतकरी वजनाची पट्टी घेऊन घरी जातो आणि पैसे हाती येईपर्यंत त्याचा एकच प्रश्न असतो : "भाऊ, माह्या चुकाऱ्याले किती दिवस झाले?" वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या भागांत शेतकरी गटांची खरेदी संगणकावर नोंदवू लागलेल्या मुलामुलींना हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. त्याचे उत्तर कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. वहीत खरेदीची तारीख असते, दिवस मात्र रोज एकाने वाढत असतात. म्हणून डेटाबेस शिकणाऱ्याने 'आजची तारीख' हा विषय लवकर आणि नीट शिकावा असे मला वाटते, कारण येथे झालेली चूक पडद्यावर लाल अक्षरांत दिसत नाही. ती एखाद्याच्या पैशांच्या हिशेबात दिसते, आणि तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

या लेखातला मुख्य सल्ला आधीच सांगून ठेवतो. फंक्शनने, म्हणजे दिलेल्या मूल्यांवरून उत्तर काढून देणाऱ्या आणि नाव दिलेल्या सूत्राने, स्वतः घड्याळ पाहू नये, तारीख त्याच्या हातात द्यावी. घड्याळ पाहण्याचे काम एकाच ठिकाणी, शक्यतो व्ह्यूमध्ये (म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या क्वेरीत, डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात), ठेवावे. हे का करायचे आणि कसे करायचे, ते आता पायरीपायरीने पाहू.

उदाहरणांसाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा विनामूल्य डेटाबेस घेतला आहे. बोलताना सगळे त्याला पोस्टग्रेस म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरतो. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण संगणकावर आज्ञेचे शब्द आणि अंक रोमन लिपीतच टंकावे लागतात. टेबलांची आणि रकान्यांची नावे मात्र पोस्टग्रेस देवनागरीतही स्वीकारतो, त्यामुळे 'खरेदी' हे नाव तुम्ही खरोखरच तसे ठेवू शकता.

पायरी १ : टेबलात काय ठेवायचे आणि काय ठेवायचे नाही

क्रिएट टेबल खरेदी (
  पावती इंटिजर प्रायमरी की,
  शेतकरी टेक्स्ट,
  गाव टेक्स्ट,
  खरेदी_तारीख डेट नॉट नल,
  क्विंटल न्यूमेरिक(८,२),
  दर न्यूमेरिक(८,२),
  चुकारा_तारीख डेट
);

चुकारा दिला नसेल तर चुकारा_तारीख हा रकाना रिकामा, म्हणजे नल, राहील. नव्याने शिकणारे बहुतेक जण येथे आणखी एक रकाना जोडतात : 'थकीत दिवस'. तो जोडू नये. आज त्यात १२ लिहिले तर उद्या ते खोटे ठरते, मग रोज सकाळी सगळ्या ओळी बदलणारा कार्यक्रम चालवावा लागतो, आणि ज्या दिवशी वीज गेली किंवा संगणक उघडलाच नाही त्या दिवशी सगळा हिशेब एक दिवस मागे पडतो. जी गोष्ट दोन तारखांच्या वजाबाकीतून कधीही काढता येते ती साठवायची नाही.

या टेबलाला 'दिवस' हा रकाना असावा असा मोह अनेकांना पडतो, कारण पोस्टग्रेसमध्ये आपोआप गणना होणारा रकाना, म्हणजे जनरेटेड कॉलम, ठेवता येतो. पण त्या रकान्याच्या सूत्रात आजची तारीख वापरली की डेटाबेस नकार देतो. मायएसक्यूएलही नकार देतो. दोघांचे कारण एकच आहे : असा रकाना ओळीतल्या इतर मूल्यांवरूनच ठरला पाहिजे, आणि 'आज' हे मूल्य ओळीत कुठेच नसते.

पायरी २ : आजची तारीख विचारणे

सिलेक्ट करंट_डेट;

एवढे लिहिले की तारीख मिळते. करंट_डेट या शब्दापुढे कंस लावायचा नाही. वेळही हवी असेल तर नाऊ() वापरतात. एका तारखेतून दुसरी तारीख वजा केली की पोस्टग्रेसमध्ये दिवसांची संख्या सरळ पूर्णांकात मिळते, आणि तारखेत १ मिळवला की दुसऱ्या दिवसाची तारीख मिळते.

एक खाचखळगा येथेच दाखवून ठेवतो. पोस्टग्रेस अवतरणचिन्हांत लिहिलेले 'टुडे' किंवा 'नाऊ' हे शब्दही तारीख म्हणून ओळखतो. डेट 'टुडे' असे लिहून क्वेरी चालवली तर उत्तर अगदी बरोबर येते, म्हणून नवशिक्या ते तसेच व्ह्यूमध्ये घालतो. व्ह्यू तयार होताना त्या मजकुराचे लगेच तारखेत रूपांतर होते आणि तीच तारीख व्ह्यूच्या व्याख्येत कोरली जाते. पुढे महिनाभर तो व्ह्यू त्याच दिवसाला 'आज' म्हणत राहतो. व्ह्यू बनवला त्या दिवशी तपासले तर सगळे बरोबर दिसते, आणि म्हणूनच ही चूक निसटते. व्ह्यूमध्ये आणि रकान्याच्या डिफॉल्ट मूल्यात, म्हणजे काही न दिल्यास धरल्या जाणाऱ्या मूल्यात, नेहमी करंट_डेट किंवा नाऊ()च लिहावे.

पायरी ३ : दिवस मोजणारे फंक्शन

पहिल्या प्रयत्नात जवळपास प्रत्येक जण असे फंक्शन लिहितो की त्याला फक्त खरेदीची तारीख द्यायची आणि ते आतल्या आत करंट_डेटमधून ती वजा करून दिवस सांगते. ते चालते. पण त्याची परीक्षा घेता येत नाही, कारण आज त्याने १२ सांगितले आणि उद्या १३ सांगितले, तर बरोबर उत्तर कोणते ते लिहून ठेवायचे तरी कसे? दुसरी अडचण मार्च संपल्यावर येते. हिशेब तपासनीस विचारतात की ३१ मार्चच्या सायंकाळी किती चुकारे बाकी होते आणि किती दिवसांपासून. आपण हा प्रश्न मे महिन्यात सोडवत असतो, आणि फंक्शन मात्र मे महिन्यातलेच दिवस मोजत राहते, कारण घड्याळ त्याच्या पोटात आहे आणि ते बाहेरून फिरवता येत नाही.

म्हणून फंक्शनला तारीख बाहेरून द्यावी :

क्रिएट फंक्शन थकीत_दिवस(घेतले डेट, दिले डेट, आज डेट)
रिटर्न्स इंटिजर
लँग्वेज एसक्यूएल इम्म्यूटेबल
ॲज $$ सिलेक्ट कोअलेस(दिले, आज) - घेतले $$;

'घेतले' म्हणजे कापूस घेतल्याची तारीख, 'दिले' म्हणजे चुकारा दिल्याची. कोअलेस हे फंक्शन यादीतले पहिले रिकामे नसलेले मूल्य परत करते. म्हणजे चुकारा झाला असेल तर त्या तारखेपर्यंतचे दिवस, आणि झाला नसेल तर 'आज'पर्यंतचे.

हे फंक्शन मी शिकवताना फळ्यावर मुद्दाम असेच लिहितो आणि मुलांना त्यातली उणीव शोधायला लावतो. समजा, १० मार्च २०२५ रोजी कापूस घेतला आणि ५ एप्रिलला चुकारा दिला. तपासनीसांचा प्रश्न ३१ मार्चचा आहे, म्हणून 'आज'च्या जागी आपण ३१ मार्च देतो. उत्तर २१ यायला हवे. पण चुकारा_तारीख रिकामी नसल्यामुळे कोअलेस ५ एप्रिल उचलते आणि उत्तर २६ येते. ३१ मार्चला उभे राहून पाहणाऱ्याला ५ एप्रिलची गोष्ट ठाऊक असू शकत नाही, तरी आपले फंक्शन ती वापरत आहे. दुरुस्ती एका शब्दाची आहे :

ॲज $$ सिलेक्ट लीस्ट(दिले, आज) - घेतले $$;

लीस्ट दोहोंतली लहान, म्हणजे आधीची, तारीख निवडते, आणि पोस्टग्रेसमध्ये ते रिकाम्या मूल्याकडे दुर्लक्ष करते, त्यामुळे चुकारा झालेला नसताना आपोआप 'आज' निवडले जाते. मायएसक्यूएलमध्ये मात्र लीस्टला एक जरी रिकामे मूल्य मिळाले तरी ते रिकामेच उत्तर देते. तेथे लीस्ट(कोअलेस(दिले, आज), आज) असे लिहावे लागेल. फंक्शन आधीच तयार केलेले असेल तर सुधारित व्याख्या देताना 'क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन' असे सुरू करावे.

आता परीक्षा घेता येते. फेब्रुवारीचा शेवट ही सर्वांत चांगली जागा आहे :

सिलेक्ट थकीत_दिवस('२०२४-०२-२८', नल, '२०२४-०३-०१');

२०२४ हे लीप वर्ष असल्यामुळे उत्तर २ आले पाहिजे. दोन्ही ठिकाणी २०२५ घातले तर १ आले पाहिजे. अशी पाच-सात उदाहरणे आणि त्यांची उत्तरे एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि फंक्शनला हात लावला की ती सगळी पुन्हा चालवा. ती उदाहरणे दहा वर्षांनीही तीच उत्तरे देतील. घड्याळ पोटात असलेल्या फंक्शनला हे कधीच जमले नसते.

पायरी ४ : व्ह्यूमध्ये घड्याळ

दुकानात किंवा काट्यावर बसणाऱ्या माणसाने रोज तारीख टंकत बसावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्याला एकच नाव ठाऊक असावे आणि ते उघडले की आजची स्थिती दिसावी. ते काम व्ह्यूचे :

क्रिएट व्ह्यू थकीत_चुकारे ॲज
सिलेक्ट पावती, शेतकरी, गाव,
  क्विंटल * दर ॲज रक्कम,
  थकीत_दिवस(खरेदी_तारीख, चुकारा_तारीख, करंट_डेट) ॲज दिवस
फ्रॉम खरेदी
व्हेअर चुकारा_तारीख इज नल;

साधा व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी. त्यात उत्तर साठवलेले नसते, त्यामुळे तो जेव्हा जेव्हा उघडला जातो तेव्हा तेव्हा करंट_डेट नव्याने विचारली जाते. रात्री झोपताना एक यादी आणि सकाळी दुसरी, हे कोणीही काहीही न बदलता घडते.

मटेरियलाइज्ड व्ह्यूची गोष्ट वेगळी. तो उत्तर डिस्कवर साठवून ठेवतो, म्हणून त्यातले 'आज' हे शेवटच्या रिफ्रेशच्या, म्हणजे तो ताजा केल्याच्या, दिवसाचे असते. मोठ्या टेबलावर वेग हवा म्हणून तो वापरायचाच असेल, तर त्यात दिवसांची संख्या ठेवू नका. खरेदीची तारीखच ठेवा, आणि वजाबाकी त्याच्यावर बांधलेल्या साध्या व्ह्यूमध्ये करा.

पायरी ५ : मागच्या तारखेची यादी

व्ह्यूला बाहेरून तारीख देता येत नाही. ३१ मार्चची यादी हवी असेल तर ओळी परत करणारे फंक्शन लिहावे :

क्रिएट फंक्शन थकीत_यादी(आज डेट डिफॉल्ट करंट_डेट)
रिटर्न्स सेटऑफ खरेदी
लँग्वेज एसक्यूएल स्टेबल
ॲज $$
  सिलेक्ट * फ्रॉम खरेदी
  व्हेअर खरेदी_तारीख <= आज
  अँड (चुकारा_तारीख इज नल ऑर चुकारा_तारीख > आज)
$$;

दोन्ही अटींकडे नीट पाहा. पहिली अट त्या तारखेनंतर झालेली खरेदी वगळते, आणि दुसरी अट त्या तारखेला बाकी असलेले पण नंतर चुकते झालेले चुकारे यादीत परत आणते. केवळ 'चुकारा_तारीख इज नल' एवढीच अट ठेवली असती तर एप्रिलमध्ये ज्यांना पैसे मिळाले ते सगळे शेतकरी मार्चच्या यादीतून गायब झाले असते, आणि वर्षअखेरच्या ताळेबंदात देणे कमी दिसले असते.

डिफॉल्ट करंट_डेट लिहिल्यामुळे सिलेक्ट * फ्रॉम थकीत_यादी() एवढे म्हटले तरी आजची यादी मिळते, आणि कंसात तारीख दिली की त्या दिवसाची. हे डिफॉल्ट मूल्य फंक्शन बनवताना गोठत नाही, ते प्रत्येक वेळी बोलावताना काढले जाते. यानंतर वरचा व्ह्यूही याच फंक्शनवर बांधता येतो : फ्रॉम खरेदी याऐवजी फ्रॉम थकीत_यादी(करंट_डेट) लिहायचे आणि व्हेअरची ओळ काढून टाकायची. मग आजची यादी आणि जुन्या तारखेची यादी एकाच नियमाने तयार होतात, आणि नियम बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो. एक बारीक फरक पडेल : पुढची तारीख चुकून टाकलेली खरेदी आता यादीत दिसणार नाही. माझ्या मते अशी चूक आत येतानाच अडवावी, यादीत शोधत बसू नये.

पायरी ६ : इम्म्यूटेबल, स्टेबल आणि व्होलाटाइल

वरच्या दोन फंक्शनांवर वेगवेगळी लेबले लावली आहेत. नवशिक्याला ती शोभेची वाटतात, पण डेटाबेस त्यांवर विश्वास ठेवून काम करतो. इम्म्यूटेबल म्हणजे तीच मूल्ये दिली की उत्तर सदासर्वकाळ तेच. स्टेबल म्हणजे एका क्वेरीच्या काळात उत्तर बदलणार नाही, पण पुढच्या वेळी बदलू शकते. व्होलाटाइल म्हणजे कोणत्याही क्षणी बदलू शकते. काहीच लिहिले नाही तर हेच धरले जाते. दोन तारखांची वजाबाकी इम्म्यूटेबल आहे. टेबल वाचणारे थकीत_यादी स्टेबल आहे. नाऊ() आणि करंट_डेट हीही स्टेबल आहेत.

ज्याच्या पोटात करंट_डेट आहे अशा फंक्शनवर इम्म्यूटेबल लिहिले तर पोस्टग्रेस अडवत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. डेटाबेस ते फंक्शन क्वेरीची योजना आखतानाच एकदा चालवून त्याचे उत्तर योजनेत पक्के करू शकतो. ज्या कार्यक्रमाची डेटाबेसशी जोडणी दिवसेंदिवस उघडी राहते, त्यात जुनी योजना पुन्हा वापरली गेली तर उत्तर कालचे येते. इंडेक्सच्या, म्हणजे शोध जलद व्हावा म्हणून रकान्यावर बांधलेल्या सूचीच्या, बाबतीत पोस्टग्रेस अधिक कडक आहे. 'गेल्या ३० दिवसांच्या खरेदीपुरताच इंडेक्स' अशी कल्पना सुचून कोणी इंडेक्सच्या अटीत करंट_डेट लिहिली, तर तेथील फंक्शने इम्म्यूटेबलच हवीत असे सांगून आज्ञा फेटाळली जाते. ती फेटाळली जाते हे योग्यच आहे, कारण ३० दिवसांची चौकट रोज सरकते आणि इंडेक्स आपणहून सरकत नाही. अशा वेळी खरेदी_तारीख या रकान्यावर साधा इंडेक्स करावा आणि ३० दिवसांची अट क्वेरीत लिहावी.

पायरी ७ : कोणत्या घड्याळाचे 'आज'

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यातली चूक मी स्वतः केली आहे. एका गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी नोंदीचा कार्यक्रम बसवून दिला होता. डेटाबेस इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर होता. भल्या पहाटे सव्वापाचला येणाऱ्या दूध उत्पादकांच्या नोंदी आदल्या दिवशी पडत होत्या, आणि पावणेसहाला येणाऱ्यांच्या त्याच दिवशी. सर्व्हर जागतिक प्रमाण वेळेवर, म्हणजे यूटीसीवर, चालत होता. भारतीय प्रमाण वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने कालचाच दिवस सुरू असतो. दहा दिवसांच्या हिशेबात मधल्या दिवसांची सरमिसळ झाली तरी एकूण बेरीज जवळपास तीच राहते, म्हणून कित्येक दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. बिलाच्या काठावरच्या दिवशी, ११ तारखेचे पहाटेचे दूध मागच्या बिलात गेले तेव्हा एका मावशींनी त्यांच्या वहीतून ते दाखवून दिले. त्यांची वही बरोबर होती.

तेव्हापासून कोणत्याही नव्या सर्व्हरवर मी सर्वांत आधी शो टाइमझोन ही आज्ञा चालवून पाहतो. टाइमझोन म्हणजे वेळेचे क्षेत्र, घड्याळ कोणत्या प्रदेशाच्या वेळेवर चालते ते. संपूर्ण डेटाबेससाठी हे क्षेत्र ठरवायचे असेल तर :

आल्टर डेटाबेस कापूस सेट टाइमझोन टू 'एशिया/कोलकाता';

हा बदल नव्या जोडण्यांना लागू होतो, म्हणून आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या बंद करून पुन्हा उघडाव्यात. पण येथेही एक जोखीम उरते. करंट_डेट ही त्या त्या जोडणीच्या टाइमझोनवर अवलंबून असते, आणि एखादा कार्यक्रम जोडणी करताना स्वतःचा टाइमझोन लावू शकतो. पैशांच्या हिशेबाचा व्ह्यू असेल तर मी करंट_डेटवर न थांबता हे लिहितो :

(नाऊ() ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता')::डेट

याचे उत्तर जोडणीच्या टाइमझोनवर अवलंबून नसते. ते लांबलचक आहे, म्हणून सगळीकडे विखरून न ठेवता 'आजचा_दिवस' नावाचा एका ओळीचा आणि एका रकान्याचा छोटा व्ह्यू करून त्यात ठेवावे आणि बाकीच्या व्ह्यूंनी तारीख तेथूनच घ्यावी.

सर्व्हर गावातच, कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर असेल तर अडचण वेगळी असते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ थांबते आणि संगणक सुरू होताना कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. इंटरनेट असेल तर घड्याळ पुन्हा जुळते, नसेल तर त्या जुन्या तारखेने नोंदी सुरू होतात. यावर साधा उपाय असा की दिवसाच्या पहिल्या नोंदीआधी टेबलातली सर्वांत मोठी खरेदी_तारीख काढावी, आणि 'आज' तिच्याही मागे असेल तर काम थांबवून घड्याळ तपासावे. तो सेल स्वस्त मिळतो आणि कोणालाही बदलता येतो.

वेळेचा आणखी एक बारकावा आहे. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() आणि करंट_डेट ही ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पूर्ण होणारा आज्ञांचा गट, सुरू झाल्याची वेळ सांगतात. रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी सुरू झालेले ट्रान्झॅक्शन १२ वाजून १० मिनिटांपर्यंत चालले तर त्यातली प्रत्येक नोंद आदल्या दिवसाचीच पडेल. बहुतेक वेळा हे हवेच असते, कारण एका पावतीच्या दोन ओळींवर दोन तारखा नकोत. खरी चालू घडी हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प() आहे, पण हिशेबाच्या फंक्शनमध्ये ते वापरू नये.

रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल तेव्हा

नोंदीचा रकाना डेट नसून टाइमस्टॅम्प असेल तर 'खरेदी_वेळ = करंट_डेट' या अटीला फक्त मध्यरात्री बरोबर १२ वाजताची नोंद सापडेल, म्हणजे व्यवहारात एकही नाही. आजच्या सगळ्या नोंदी हव्या असतील तर असे लिहावे :

व्हेअर खरेदी_वेळ >= करंट_डेट अँड खरेदी_वेळ < करंट_डेट + १

उजवीकडची अट 'पेक्षा लहान' अशीच ठेवावी. बिटवीन वापरून दिवसाचा शेवट २३:५९:५९ असा लिहिला तर त्या शेवटच्या सेकंदातल्या नोंदी सुटतात. शिवाय या पद्धतीत रकान्यावर कोणतेही फंक्शन चढवलेले नसल्यामुळे त्या रकान्यावरचा इंडेक्स वापरता येतो.

हंगाम आणि आर्थिक वर्ष

कापसाचे हंगाम वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे धरतात आणि आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. दोन्हींसाठी एकच युक्ती चालते : तारीख तेवढे महिने मागे ढकलायची आणि मग वर्ष काढायचे.

क्रिएट फंक्शन हंगाम(ता डेट)
रिटर्न्स इंटिजर
लँग्वेज एसक्यूएल इम्म्यूटेबल
ॲज $$ सिलेक्ट एक्स्ट्रॅक्ट(इयर फ्रॉम ता - इंटरव्हल '९ मंथ्स')::इंटिजर $$;

१ ऑक्टोबर २०२४ आणि ३० सप्टेंबर २०२५ या दोन्ही तारखांना उत्तर २०२४ येते, म्हणजे २०२४-२५ चा हंगाम. आर्थिक वर्षासाठी ९ च्या जागी ३ लिहावे. येथेही फंक्शनला तारीख बाहेरूनच दिली आहे. चालू हंगामाचा व्ह्यू करताना व्हेअर हंगाम(खरेदी_तारीख) = हंगाम(करंट_डेट) एवढे पुरते, आणि फंक्शन खरोखरच इम्म्यूटेबल असल्यामुळे हंगाम(खरेदी_तारीख) यावर इंडेक्सही करता येतो.

दुसरा डेटाबेस हाती आला तर

मायएसक्यूएलमध्ये आजची तारीख कर्डेट() ने मिळते आणि ती व्ह्यूमध्ये वापरता येते. तेथे दोन तारखा कधीही वजाबाकीच्या चिन्हाने वजा करू नका. मायएसक्यूएल तारखेचा २०२५०३०१ असा आठ आकडी अंक करतो आणि त्यातून २०२५०२२८ वजा करून १ मार्च आणि २८ फेब्रुवारी यांतले अंतर ७३ सांगतो. एकाच महिन्यातल्या तारखांना उत्तर बरोबर येत असल्याने ही चूक महिना बदलेपर्यंत लपून राहते. तेथे डेटडिफ(आज, घेतले) वापरावे. मायएसक्यूएलमधले सिसडेट() हे ओळीगणिक बदलू शकते, तर नाऊ() क्वेरी सुरू झाल्याच्या वेळेवर स्थिर राहते. हिशेबासाठी नाऊ() बरे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट() तारीख आणि वेळ दोन्ही देते, म्हणून कास्ट(गेटडेट() ॲज डेट) असे लिहून वेळ काढून टाकावी. डेट हा प्रकार तेथे २००८ च्या आवृत्तीपासून आहे. २००० च्या आवृत्तीत फंक्शनच्या आत गेटडेट() लिहिताच येत नसे. लोक गेटडेट() परत करणारा एक छोटा व्ह्यू बनवत आणि फंक्शनमधून तो व्ह्यू वाचत. २००५ पासून ती बंदी उठली. जुन्या कार्यालयांतल्या डेटाबेसांत असा व्ह्यू अजूनही सापडला तर तो निरुपयोगी समजून पुसू नका, त्याच्यावर कितीतरी फंक्शने उभी असू शकतात. बंदी उठली तरी एक गोष्ट कायम आहे : गेटडेट() असलेले सूत्र इंडेक्स केलेल्या व्ह्यूमध्ये किंवा साठवलेल्या गणिती रकान्यात चालत नाही. तारीख बाहेरून घेणारी यादी हवी असेल तर तेथे इनलाइन टेबल फंक्शन, म्हणजे पायरी ५ सारखे ओळी परत करणारे फंक्शन, लिहावे.

ओरॅकलमध्ये सिसडेट सर्व्हरच्या घड्याळाची वेळ देते आणि करंट_डेट जोडणीच्या टाइमझोनची. दोन्हींत तारखेबरोबर वेळ असते, म्हणून ट्रंक(सिसडेट) लिहिण्याची सवय ठेवावी. मोबाइल ॲपमध्ये बहुधा एसक्यूलाइट असतो, आणि त्यात डेट('नाऊ') हे यूटीसीचीच तारीख देते. पहाटेच्या दुधाची अडचण तेथे फोनमध्येच घडते. डेट('नाऊ', 'लोकलटाइम') असे लिहिले की फोनवर लावलेल्या क्षेत्राची तारीख मिळते.

शेवटची तपासणी

काम एखाद्या गटाच्या हाती देण्याआधी डेटाबेसमधल्या सगळ्या फंक्शनांच्या आणि व्ह्यूंच्या व्याख्या एका फाइलमध्ये काढा (पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंप ही आज्ञा स्कीमा-ओन्ली हा पर्याय लावून चालवली की हे होते) आणि त्यात करंट_डेट, नाऊ आणि टुडे हे शब्द शोधा. फंक्शनच्या पोटात त्यांपैकी काही सापडले तर तेथे बाहेरून तारीख घेण्याची सोय करा. व्ह्यूमध्ये घातलेला अवतरणचिन्हांतला 'टुडे' मात्र या फाइलमध्ये त्या शब्दाच्या रूपात दिसणारच नाही. त्याच्या जागी एखादी ठरावीक तारीख लिहिलेली आढळेल, म्हणून व्ह्यूंच्या व्याख्येत लिहिलेल्या तारखाही एकदा नजरेखालून घाला. मग थकीत_यादीला गेल्या ३१ मार्चची तारीख देऊन आलेली यादी गटाच्या कागदी वहीशी पावतीनिहाय जुळवून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या आधी एकदा उठून 'आजचा_दिवस' हा व्ह्यू उघडा.